मेडिक्लेम ‘नाही’ म्हणतं तेव्हा: तांबी, इंजेक्शन, ऑपरेशन आणि खिशाचा हिशोब

रविवारी सकाळी मानसी (नाव बदललंय) आली ती हातात पॉलिसीचं बाड घेऊनच. आमच्याच मजल्यावर राहते. वय एकतीस, मुलगा तीन वर्षांचा, नोकरी अंधेरीला. “काकू, तुम्ही मेडिक्लेमच्या टेबलावर बसायचात ना? मग मला एवढंच सांगा, दरवर्षी हप्ता भरतो आम्ही, एकदाही क्लेम घेतला नाही. आणि आता दिवस राहू नयेत म्हणून साधी तांबी बसवायची म्हटलं तर म्हणे हे आमच्यात येत नाही.”

मी एका खाजगी रुग्णालयाच्या मेडिक्लेम डेस्कवर अकरा वर्षं काढली. हा प्रश्न काचेपलीकडून शेकडो वेळा ऐकला, पण तिथे उत्तर द्यायला वेळ नसायचा. मागे रांग असायची. आता वेळ आहे. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी गेला, तेव्हा बऱ्याच घरांत पॉलिस्या कपाटातून बाहेर निघाल्या आणि लोकांनी त्या पहिल्यांदा वाचल्या. वाचल्यावर मानसीसारखे प्रश्न पडणारच.

‘नाही’ नेमकं कुठे लिहिलंय?

पॉलिसीत ‘एक्सक्लुजन्स’ नावाचा भाग असतो. कशाचे पैसे मिळणार नाहीत, त्याची ही यादी. २०१९ साली विमा नियामक आयआरडीएआयने या याद्यांची भाषा सगळ्या कंपन्यांना एकसारखी करून दिली, म्हणून कंपनी कुठलीही असो, क्रमांक तेच दिसतात. त्यातला १७ वा काढा. मथळा आहे वंध्यत्वाचा, त्यामुळे ज्यांना मूल नको आहे ते ते पान उलटून पुढे जातात. पण खाली पहिलीच ओळ आहे: कुठल्याही प्रकारची गर्भनिरोधक साधनं आणि नसबंदी. केलेली नसबंदी पुन्हा उलटवायची झाली तर तेही त्यातच.

पुढचा १८ वा क्रमांकही वाचून ठेवा. त्यात बाळंतपण आहे, सिझेरियनसकट. अपघाताने झालेला सोडून बाकीचा गर्भपात आणि कायदेशीररीत्या करून घेतलेला गर्भपात, हे दोन्हीही त्यात. अपवाद एकच, गर्भ पिशवीबाहेर नळीत राहिला तर. त्याचा खर्च १८ व्या क्रमांकाखाली अडवता येत नाही.

म्हणजे दिवस राहू नयेत यासाठीचा खर्च नाही, राहिले तर काढून टाकण्याचा नाही, ठेवले तर बाळंतपणाचा नाही. मानसी हे ऐकून हसली. मला डेस्कवर कधी हसू आलं नाही.

असं का? मोटारीचा विमा आठवा

गाडीचा विमा काढला म्हणून कोणी ऑइल बदलायचं बिल विमा कंपनीला पाठवत नाही. टायर घासले तरी आपणच भरतो. विमा असतो तो कधी येईल ते माहीत नसलेल्या आणि आला तर कंबरडं मोडणाऱ्या खर्चासाठी. ठरवून, तारीख घेऊन करायच्या गोष्टी त्यात बसत नाहीत. गर्भनिरोधनाकडे विमा कंपनी ऑइल बदलण्यासारखंच बघते. तुम्ही ठरवलंत, तुम्ही करा.

दुसरं कारण आणखी साधं. आपला नेहमीचा मेडिक्लेम रुग्णालयात दाखल होण्यावर उभा आहे. साधारण २४ तास भरती, नाहीतर ‘डे केअर’मध्ये बसणारी एखादी प्रक्रिया, म्हणजे मोतीबिंदूसारखी सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येण्याची. तांबी बसवायला पाच-दहा मिनिटं लागतात. ते ओपीडीतलं काम. १७ वा क्रमांक उद्या कोणी खोडला, तरी ओपीडीच्या अटीवर हा खर्च अडलाच असता.

पण यात कंपनीचाच फायदा नाही का?

मानसीने हेच विचारलं. एका बाळंतपणाच्या खर्चात किती तांब्या बसतील, मग कंपनीनेच आनंदाने द्यायला नकोत का?

दिल्या असत्या, बाळंतपण त्यांच्या खिशातून जात असतं तर. पण १८ व्या क्रमांकाने तो खर्च त्यांनी आधीच बाहेर ठेवलाय. ज्या पॉलिसीत मातृत्वाचं कव्हर वेगळे पैसे भरून घेता येतं, तिथेही थांबायचा काळ असतो आणि रकमेला मर्यादा असते. मग तुमचं एक बाळंतपण टळलं तर कंपनीचे वाचले किती? फारसे नाहीत. जो नुकसान भरणारच नाही, तो ते टाळायला पैसे कशाला घालेल?

इंटरनेटवर वाचून गोंधळ होतो तो इथेच. अमेरिकेत ओबामांच्या आरोग्य कायद्यामुळे २०१२ पासून बहुतेक विमा योजनांना गर्भनिरोधक साधनं रुग्णाकडून पैसे न घेता द्यावी लागतात. ते लेख मराठीत भाषांतर होऊन फिरतात आणि आपल्याला वाटतं आपल्याच कंपनीने फसवलं. आपल्याकडे ही जबाबदारी विम्यावर टाकलेलीच नाही. ती सरकारने स्वतःकडे ठेवली आहे. कुटुंब नियोजनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ पासून आहे. गर्भनिरोधक साधनांवर जीएसटी नाही. आणि मुंबईत तर याची सुरुवात सरकारच्याही आधीची: र. धों. कर्व्यांनी १९२१ साली इथे संततिनियमनाचं केंद्र काढलं, आणि त्यापायी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी घालवून बसले. फॅमिली प्लॅनिंग असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्थाही इथलीच, १९४९ ची.

तेव्हा विम्याचं दार बंद म्हणजे सगळीच दारं बंद, असं नाही. दुसरं दार शेजारीच आहे. फक्त तिथे पाटी लहान आहे.

आधी ओळख: दीर्घकाळाची साधनं कोणती

रोजची गोळी आणि निरोध यांत माणसाच्या आठवणीवर सगळं अवलंबून असतं. ‘दीर्घकाळाचं साधन’ म्हणजे एकदा केलं की विसरून जायचं.

तांबी, म्हणजे कॉपर टी. इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचं लहानसं प्लास्टिक आणि त्यावर गुंडाळलेली तांब्याची तार. गर्भपिशवीत बसते. तांब्यामुळे शुक्रजंतू निकामी होतात. सरकारी कार्यक्रमात दोन प्रकार मिळतात: ३८० ए दहा वर्षं चालते, ३७५ पाच वर्षं.

हार्मोनची तांबी. बोलायची पद्धत म्हणून तांबी, तांबं तिच्यात नसतंच. त्याऐवजी ५२ मिलिग्रॅम लिव्होनॉरजेस्ट्रेल नावाचं हार्मोन असतं, ते थोडंथोडं झिरपतं. मिरेना हे नाव लोकांच्या तोंडी बसलंय, एचएलएल या सरकारी कंपनीची एमिली म्हणूनही येते. आपल्याकडे डॉक्टर सहसा पाच वर्षं धरतात. अमेरिकेत मिरेनाला आठ वर्षांची मान्यता आहे, म्हणून पाच वर्षं होत आली की लगेच काढण्याआधी डॉक्टरांना विचारा. तीन वर्षं म्हणजे छत्तीस महिन्यांचा फरक पडू शकतो.

दंडात कातडीखाली बसवायची काडी, म्हणजे इम्प्लांट. तीन वर्षं चालते. सरकारने ती काही निवडक ठिकाणी सुरू केली आहे, पण सगळीकडे मिळत नाही. बसवणार असाल तर एकच प्रश्न आधी विचारा: काढणार कोण? काढायलाही हात बसलेला लागतो.

अंतरा इंजेक्शन, दर तीन महिन्यांनी. आणि कायमचं हवं असेल तर बाईचं किंवा पुरुषाचं ऑपरेशन.

भरवसा किती? शंभर बायका वर्षभर एखादं साधन वापरतात, माणसं वापरतात तसं, चुकतमाकत. गोळ्यांवर असलेल्यांपैकी साधारण सात जणींना दिवस राहतात. निरोधवर तेरा. अंतरावर चार. तांबीवर एकीलाही जेमतेम. हार्मोनची तांबी आणि दंडातली काडी यांत हजार जणींत एक ते चार. यात गोळी वाईट असं काही नाही. गोळी विसरली जाते, तांबी विसरली तरी ती आपलं काम करत बसते.

बिल महिन्यांनी भागा

डेस्कवर असताना मला एक गोष्ट लक्षात आली. बिलाचा आकडा बघून माणूस घाबरतो, आणि रोज थोडेथोडे जाणारे पैसे त्याला दिसतच नाहीत. चाळीत पूर्वी बायका महिन्याचा किराणा एकदम भरायच्या त्याचं कारण हेच, सुटं घेतलं की हिशोब लागत नाही.

समजा, एखाद्या खाजगी दवाखान्यात हार्मोनच्या तांबीचा साधनासकट सगळा खर्च १५,००० रुपये सांगितला. (आकडा हिशोबापुरता घेतलाय. परळला वेगळा, लोखंडवालात वेगळा.) पाच वर्षं म्हणजे साठ महिने. महिना अडीचशे. आता आकडा वेगळा दिसायला लागला.

पण हा हिशोब इथे थांबवला तर फसाल. तीच तांबी आठ महिन्यांत काढावी लागली तर महिना पडला १,८७५ रुपयांना. म्हणून महागाच्या साधनात खरा प्रश्न किमतीचा नसतो, ‘ती माझ्या अंगाला मानवेल का’ हा असतो. हार्मोनच्या तांबीने पहिले तीन ते सहा महिने मधूनमधून डाग जातात. हे आधी कोणी सांगितलेलं नसतं, बाई घाबरते आणि काढून टाकते. पंधरा हजार पाण्यात. डॉक्टर वीस मिनिटं बोलले असते तर वाचले असते.

उलट बाजूही बघा. अंतरा सरकारी दवाखान्यात फुकट आहे, पण पाच वर्षांत वीस फेऱ्या. प्रत्येक फेरीला अर्ध्या दिवसाची रजा, येण्याजाण्याचं भाडं, आणि घरकाम करणारी असेल तर त्या दिवसाचा खाडा. फुकटाचंही भाडं असतं. शिवाय अंतरा थांबवल्यावर दिवस राहायला शेवटच्या इंजेक्शनपासून सात ते दहा महिने लागू शकतात. दोन वर्षांत दुसरं मूल हवं असेल तर हे आधी माहीत हवं. तांबी काढली की तो प्रश्न नाही, पुढच्या पाळीपासूनही दिवस राहू शकतात.

आता बिलाच्या ओळी. मानसीला जे कोटेशन मिळालं होतं ते एका चिठ्ठीवर, एकच आकडा. मी तिला म्हटलं, हे फोडून माग. तपासणीची फी, सोनोग्राफी, साधनाची किंमत, बसवण्याचे, भूल असेल तर भुलीचे, ओटी (ऑपरेशनची खोली) वापरली तर तिचे, एका महिन्याने तांबीचा दोरा तपासायला बोलावतात त्याचे, आणि काढायचे. शेवटचे दोन कोणीच सांगत नाही. साधनाच्या खोक्यावर एमआरपी छापलेली असते, ती बघायचा हक्क आहे. हार्मोनची तांबी राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे तिच्या किमतीला सरकारी मर्यादा असते. दवाखान्याच्या फीला ती मर्यादा नाही. फरक पडतो तो तिथे.

साध्या तांबीचं गणित तर आणखी गमतीचं. ते साधन बाजारात काही शे रुपयांचं. खाजगीत हजारोंचं बिल येतं ते डॉक्टरांच्या हाताचं, जागेचं आणि बंद दाराचं. बंद दाराची किंमत मी कमी लेखत नाही. पण कशाचे पैसे देतोय ते कळलेलं असावं.

फुकटातली तांबी कमी प्रतीची असते का?

नाही. ३८० ए ती ३८० ए. महापालिकेचं प्रसूतिगृह असो, केईएम, सायन, नायर, कूपर असो, की सरकारचं कामा रुग्णालय, कार्यक्रमातून येणारी ३८० ए दहा वर्षांचीच असते. फुकट मिळणाऱ्या यादीत तांबीशिवाय अंतरा, आठवड्याला घ्यायची छाया ही बिनहार्मोनची गोळी (लखनौच्या सरकारी संशोधन संस्थेत शोधलेली, पूर्वी सहेली म्हणून माहीत असेल), रोजची माला-एन, निरोध आणि दोघांचीही ऑपरेशनं येतात.

वेगळा असतो तो अनुभव. केसपेपर काढायचा, बाकावर बसायचं, शेजारची बाई तुम्हाला कितवा महिना विचारणार, आणि आत गेल्यावर डॉक्टरांना बोलायला पाच मिनिटं मिळाली तर खूप. माझ्या भाचीने महापालिकेच्या रुग्णालयात तांबी बसवली तेव्हा मी बरोबर होते. साडेआठला पोचलो, दुपारी एकला बाहेर पडलो. हातात तारीख लिहिलेलं कार्ड, खर्च केसपेपरचा आणि दोन कटिंग चहाचा. बसवताना पाळीसारखी एक जोराची कळ आली म्हणाली, मग ओटीपोट जड. संध्याकाळी भांडी घासत होती.

नवऱ्याची सही लागते का, हे हमखास विचारलं जातं. तांबीला नाही. बाईच्या ऑपरेशनलाही नवऱ्याची संमती नियमात नाही, तिची स्वतःची लागते. कुठे मागितली तर ती त्या खिडकीची सवय, कायदा नव्हे. ऑपरेशनला सरकारी निकष मात्र आहेत: बाईचं वय २२ ते ४९, लग्न झालेलं, निदान एक मूल एक वर्षाच्या पुढचं.

बाळंतपण जवळ आलेलं असेल तर आणखी एक सोय आहे, ती फार कमी जणींना माहीत असते. बाळ झाल्यावर ४८ तासांच्या आत तांबी बसवता येते, सिझेरियनमध्ये तर तिथल्या तिथे. वेगळी फेरी नाही, वेगळी रजा नाही. यात तांबी आपोआप निसटून पडण्याचं प्रमाण थोडं जास्त असतं, म्हणून सहा आठवड्यांनी तपासून घ्यायचं. आणि हो, हे बाळंतपणाच्या कळा सुरू असताना विचारायचं नसतं, आधीच बोलून ठेवायचं.

मग सगळ्यांनी फुकटातली तांबीच का बसवू नये?

कारण तांब्याच्या तांबीने पाळी वाढते. पहिले काही महिने अंगावरून जास्त जातं, दुखतंही. ज्या बाईची पाळी मुळात तीन दिवसांची, तिला चालून जातं. जी पाळीच्या दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये उभी राहू शकत नाही, तिचं काय? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांचं रक्त कमी निघालं. म्हणजे दर दुसरी. म्हणून तांबीआधी हिमोग्लोबिन बघा, ती सगळ्यांत स्वस्त तपासणी आहे.

हार्मोनची तांबी नेमकी उलटी. तिने पाळी कमी होते, काहींची बंदच होते. बंद झाली म्हणजे घाण आत साठते, असं आपल्या सासवा म्हणतात. काही साठत नाही. अस्तरच तयार होत नाही, तर जाणार काय? इथेच माझं मत सांगते: रक्त चांगलं आणि पाळी हलकी असेल तर हार्मोनच्या तांबीवर खिशातले पैसे घालायची घाई करू नका. पाळी जड असेल तर मात्र ते पैसे फक्त गर्भनिरोधनाचे राहत नाहीत, लोहाच्या गोळ्या आणि बुडणारे कामाचे दिवसही त्यातच वजा होतात.

तांबी पोटात चढते, काळजापर्यंत जाते, या गोष्टी मी लहानपणापासून ऐकल्यात. बसवताना पिशवीला छिद्र पडण्याचा धोका असतो, हजारात एखाद्या वेळी. काळजापर्यंत रस्ताच नाही. मूल न झालेल्या बाईलाही तांबी बसवता येते, जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत मनाई नाही. मनाई असते ती पिशवीत जंतुसंसर्ग चालू असताना, कारण न कळलेला रक्तस्राव असताना, गाठींमुळे पिशवीचा आकार बिघडलेला असताना. आणि तांबी असूनही पाळी चुकली तर थांबू नका. दिवस राहणं दुर्मीळ, पण राहिले तर गर्भ नळीत असण्याची शक्यता जास्त. मघाचा १८ व्या क्रमांकाचा अपवाद तो हाच.

फॉर्मवर ‘रक्तस्राव’ लिहून घेतलं तर?

हा प्रश्न मानसीने आवाज खाली आणून विचारला. डेस्कवरही असाच विचारायचे.

खरं असेल तर लिहाच, खोटं असेल तर लिहू नका. हार्मोनची तांबी हे जड पाळीवरचं मान्य औषध आहे. १७ व्या क्रमांकात गर्भनिरोधन आहे, पाळीचा आजार नाही. पण मग कागद आजाराचे हवेत: सोनोग्राफी, हिमोग्लोबिन, आधी कोणती औषधं घेतली, डॉक्टरांचं निदान.

एक फाईल अजून डोळ्यांसमोर आहे. चव्वेचाळीस वर्षांची बाई, महिन्यातले पंधरा दिवस अंगावरून जायचं. भूल देऊन दुर्बिणीने पिशवी तपासली, क्युरेटिन (पिशवीचं अस्तर खरवडणं) केलं, आणि त्याच वेळी हार्मोनची तांबी बसवली. दाखल होण्याचे पैसे मंजूर झाले, साधनाचे कापले. का? डिस्चार्ज कार्डावर आमच्या तिथल्या छापील नमुन्यातून एक ओळ तशीच राहिली होती, ‘गर्भनिरोधनासाठी’. त्या बाईची नळ्या बांधण्याची शस्त्रक्रिया बारा वर्षांपूर्वीच झालेली! तिला गर्भनिरोधन कशाला हवं? डॉक्टरांचं पत्र जोडलं, जुना कागद जोडला, दोन महिन्यांनी पैसे आले. डिस्चार्ज कार्ड घरी नेण्याआधी तिथेच उभं राहून वाचा, असं मी तेव्हापासून सगळ्यांना सांगते.

आजार नसताना लिहून घेतलं आणि सापडलं तर क्लेम जातो, वर पॉलिसीही रद्द होऊ शकते. आणि फक्त ओपीडीत बसवलं असेल तर खरा आजार असूनही भरतीची अट आडवी येतेच. खरा क्लेम नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडे लेखी, महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे. त्याला फी नाही, वकील लागत नाही. मुंबईचं कार्यालय सांताक्रूझला आहे.

ऑफिसचा विमा आणि कायद्यातल्या रजा

कंपनीने घेतलेल्या ग्रुप पॉलिसीत काही अटी शिथिल करून घेतलेल्या असतात. एचआरला थेट ‘गर्भनिरोधन’ विचारायचा संकोच वाटतो, मग फक्त विचारा: एक्सक्लुजन १७ लागू आहे का, आणि ओपीडी कव्हर आहे का? ओपीडी असेल तर साधन नाही तरी तपासणी, सोनोग्राफी, रक्त यांचे पैसे निघू शकतात.

पगार महिना २१,००० रुपयांपर्यंत असेल आणि ईएसआय (राज्य कामगार विमा) कापलं जात असेल तर तुमच्याकडे मेडिक्लेमपेक्षा चांगलं काही आहे. ऑपरेशन करून घेतलं तर पूर्ण पगाराइतका लाभ मिळतो, पुरुषाला ७ दिवस, बाईला १४. ईएसआयबाहेरच्या नोकरदार बाईलाही मातृत्व लाभाच्या तरतुदींत नळ्या बांधल्यावर दोन आठवड्यांची पगारी रजा आहे. ही रजा मागणारी बाई मी आयुष्यात एकदाच पाहिली, तीही युनियनच्या ऑफिसात काम करणारी.

आणि नवरा?

मघाच्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित बायकांपैकी सुमारे ३८ टक्क्यांनी ऑपरेशनवर निभावलेलं दिसतं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा आहे ०.३ टक्के. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं, जागा बधिर करून, पंधरा-वीस मिनिटांचं. बाईच्या ऑपरेशनात पोट उघडावं लागतं, मग ते दुर्बिणीने का होईना. पुरुषाचं सरकारी रुग्णालयात फुकट, वर थोडी रोख रक्कम मिळते. फक्त लगेच मोकळं सुटायचं नाही: तीन महिने निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं. ताकद जाते म्हणतात, त्यात तथ्य नाही. जाते ती भीती, पण ती ऑपरेशननंतर.

दोन मुलं झाली, तिसरं नक्की नको, आणि खर्चाची चणचण असेल, तर हिशोबाने सगळ्यांत वरचा पर्याय हाच आहे. मी हे सोसायटीच्या गणपतीत एकदा बोलले होते. पुरुष मंडळी आरतीची तयारी बघायला उठून गेली.

मानसीचं काय झालं

तिने शनिवारी तीन दवाखान्यांना फोन केले आणि उत्तरं दुधाच्या बिलाच्या मागे लिहून आणली. पहिल्या ठिकाणी काढायचे पैसे वेगळे, दुसरीकडे सांगायलाच तयार नाहीत, या मग बघू. तिसरीकडे महिन्याभराने दोरा तपासणं आणि पुढे काढणं, दोन्ही धरून आकडा सांगितला. तो पहिल्यापेक्षा जास्त दिसत होता, बेरीज केल्यावर कमी निघाला.

ती मात्र आधी महापालिकेतच जाणार होती, फुकटातली दहा वर्षांची बसवायला. जाण्याआधी हिमोग्लोबिन केलं. ९.४ आलं. मग तिने पहिल्यांदा सांगितलं की पाळी सात दिवसांची आहे, दर दोन तासांनी पॅड बदलावा लागतो, आणि हे बाळंतपणापासून असंच चाललंय. “सगळ्यांचं असंच असतं ना काकू?” नसतं.

डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या, सोनोग्राफी केली, हार्मोनची तांबी सुचवली आणि कागदावर जड पाळीचं निदान नीट लिहून दिलं. नवऱ्याच्या ऑफिसच्या विम्यातल्या ओपीडीतून तपासणी आणि सोनोग्राफीचे पैसे आले. साधन आणि बसवण्याचे आले नाहीत. ते त्यांनी दिवाळीच्या बोनसमधून भरले. परवा लिफ्टमध्ये भेटली, दुसरा महिना आहे, डाग जातायत म्हणाली. कॅलेंडरवर सहावा महिना खुणेने गोल करून ठेवलाय तिने, त्याआधी काढायचं नाव काढायचं नाही असं ठरवून.